ताटाबाहेरचं मत

माझ्या नवऱ्याला मत आहे, हे मला लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेसुद्धा मोबाइलमुळे.

माणिकप्पा त्यांचं नाव. तोंडानं मी घेत नाही, पण लिहायला काय हरकत आहे? सीमेवरच्या आमच्या मन्नाएखेळ्ळी गावात हायवेला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, हवा भरायचं मशीन, पाण्याचं घमेलं आणि समोर टांगलेलं एक जुनं टायर. त्यावर पांढऱ्या रंगानं कन्नड, मराठी आणि उर्दूत ‘पंक्चर’ लिहिलंय. मागं थोडी शेती आहे, तूर आणि जोंधळ्याची. माणूस म्हणाल तर सरळ. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाचं वाईट चिंतणं नाही. गावात कुणालाही विचारा, अण्णा म्हणजे देवमाणूस असंच म्हणतील. देवमाणसाबरोबर संसार करताना काय जीव मेटाकुटीला येतो, ते त्या लोकांना कुठं माहीत?

कारण देवमाणूस मत देत नाही. घराला रंग कोणता द्यायचा? “तुला बरं वाटंल ते.” शिवराजला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका पोराला, सायन्सला घालायचं का आयटीआयला? “तुमी दोगं बगा.” औंदा तूर ठेवायची का विकायची? “बगू की.” हे ‘बगू की’ ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा रागाच्या भरात मी विचारलं, मी माहेरी निघून जाऊ का? तर म्हणाले, “बस किती वाजता हाय?” चेष्टा नव्हती हो. खरंच बसची वेळ विचारली त्यांनी.

जेवणाचं तर विचारूच नका. आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेली रीत अशी, की ताटात पडलं ते प्रसाद. प्रसादाला नाव ठेवायचं नाही आणि वाखाणायचंही नाही. मान खाली घालून जेवायचं. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोट फिरवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. म्हणजे ताट बघून तरी कळावं, की बाईनं केलेलं काय आवडलं आणि काय राहिलं, तर तेही नाही. ताट लख्ख. आमटी आंबली असली तरी लख्ख आणि श्रीखंड असलं तरी लख्ख.

माझं माहेर उदगीरकडचं. माझ्या वडिलांना मीठ कमी लागलं तर ओसरीवरून अशी हाक मारायचे, की शेजारीण मिठाची वाटी घेऊन दारात हजर व्हायची. आई कुरकुरायची, पण आपला स्वयंपाक कसा झालाय हे तिला रोज कळायचं. मी मात्र एवढी वर्षं भाकरी थापतेय आणि मला हे ठाऊक नाही, की माझ्या हाताला चव आहे का नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. पुढं पुढं संताप यायला लागला.

मग गेल्या दसऱ्याला शिवराज हैदराबादहून आला. तिथं तो औषधाच्या गोदामात कामाला आहे. गाड्यांना हल्ली ट्यूबलेस टायर आले, पंक्चर कमी झाले, अप्पा नुसते बसून असतात हे बघून त्यानं त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. कंपन्या प्रश्न विचारतात, आपण घरबसल्या उत्तरं द्यायची. त्याचे पॉइंट जमतात आणि पॉइंटांचे पैसे होतात. सर्वे म्हणतात त्याला.

“बसल्या जागी च्यापान्याचं पैसं सुटत्यात, अप्पा,” शिवराज म्हणाला. “निस्तं तुमाला काय वाटतंय ते सांगायचं.”

मी हसू दाबत चुलीकडे वळले. म्हटलं, पोरानं बापाला नेमका न जमणारा धंदा काढून दिला.

यांना पैशाचा लोभ नाही. दुकानावर आलेल्या माणसाला चहा पाजायचा आणि तो कुणाला पाजला हे घरात सांगावं लागू नये, एवढीच एक हौस. मी विचारते, हेही खरं. तेवढ्या हौसेसाठी गडी कामाला लागला. त्यांची शाळा कन्नडमधली. पण ॲपवर मराठीतले सर्वे जास्त येतात म्हणून शिवराजनं मराठी लावून दिली. घरात मराठी बोलत असले तरी वाचताना ते एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचतात. उत्तरसुद्धा मोठ्यानं बोलत लिहितात. त्यामुळे मला सगळं ऐकावं लागायचं.

एका दुपारी मी डबा घेऊन दुकानावर गेले. ट्रकचं चाक उतरवून ठेवलेलं आणि ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून उभा. हे खुर्चीत बसून वाचतायत, “क-प-ड्यां-च्या म-ऊ-पणा-बद्दल तुम्ही कि-त-पत समा-धानी आहात?”

“अन्ना, हवा भरते क्या नै?” ड्रायव्हर ओरडला.

“रुको भाई, आखरी सवाल हाय,” असं म्हणून यांनी स्वतःच्या अंगातला शर्ट दोन बोटांत धरून चोळून बघितला. मग पाठचा भाग चोळून बघितला. ग्रीस लागलेला शर्ट तो, मऊ कशाचा असणार? पण माणूस विचारात गढून गेला होता. शेवटी म्हणाले, “तीन.” पाचपैकी तीन. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी डबा उघडायला लागले.

बरं, एवढं करून पदरात काय पडायचं? निम्म्या वेळा वीसेक प्रश्न विचारून झाले, की पडद्यावर यायचं, ‘माफ करा, तुम्ही या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.’ शेवटचा विमानप्रवास कधी केला? केला नाही. झालं, अपात्र. घरात कुत्र्यासाठी कोणतं खाद्य आणता? भाकरी. अपात्र. मी म्हणायची, मग आधीच विचारायचं की मेल्यांनो, वीस प्रश्न कशाला खाता माणसाचे? हे मात्र शांत. “त्येंचं काय चुकलं? त्येनला इमानातला माणूस पायजे आसंल.” पहिल्या महिन्यात मोबाइलचं एक छोटं रिचार्ज मिळालं, तर ते सगळ्या गावाला सांगून आले.

पैसे येवोत न येवोत, माझा राग त्यासाठी नव्हता. राग होता त्या विचार करण्याचा. फिनेलच्या वासानं ताजंतवानं वाटतं का, असा प्रश्न आला तर यांनी मला न्हाणीतून बाटली आणायला लावली, झाकण उघडून हुंगली, डोळे मिटून परत हुंगली. फिनेलसाठी डोळे मिटणारा हा माणूस माझ्या पुरणपोळीसाठी कधी मिटला नाही. कुणा लांबच्या कंपनीच्या साबणाला पाचपैकी चार आणि जन्माच्या जोडीदाराला ‘बगू की’! तळपायाची आग मस्तकात जायची माझी.

आणि नेमकं त्याच दिवसांत मला एका खऱ्या मताची गरज होती.

शेंगदाण्याची चटणी मी उखळात कुटते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. आमच्या दुकानापासून थोडं पुढं नागेंद्रचा धाबा आहे. तिथं ट्रकवाले कडक भाकरी आणि चटणी मागून मागून खातात. नागेंद्र चटणी सोलापूरकडून आणायचा. दसऱ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी हिय्या करून बरणीभर चटणी त्याला नेऊन दिली. घरातल्या कुणाला विचारावं लागू नये असे चार पैसे माझेही असावेत, असं मलाही वाटतं की. शेतातलं, दुकानातलं सगळं घरात जातं. त्यात ‘हे माझं’ म्हणावं असं काही नाही. चटणी मात्र माझी.

आठ दिवसांनी विचारायला गेले, तर नागेंद्र म्हणाला, “चांगली हाय, अक्का. सद्या नको. बगू फुडं.”

हाही ‘बगू’च!

चांगली आहे तर नको का? मी विचारलं, त्यानं नुसते हात जोडले. मग मी सगळ्यांना विचारत सुटले. शेजारची मंगल म्हणाली, “लई ब्येस, वैनी.” शिवराज फोनवर म्हणाला, “आई, एकदम भारी.” यांना जेवताना, चटणी वाढता वाढता विचारलं, “काय कमी पडायलंय, एकदा सांगा की.” यांनी बोट वर, देवाकडे दाखवलं आणि घास चावत राहिले.

थंडी सुरू झाली, तेव्हा नागेंद्र मोटारसायकलचं पंक्चर काढायला दुकानावर आला. मी तिथंच होते. म्हणाला, “अक्का, सोलापूरचा माणूस बंद झालाय. येळवशीच्या आदी एकदा परत आनून दावा. जमलं तर कायमचं तुमच्याकडूनच घीन. न्हाई तर हुमनाबादचा एक जन माज्या पाठी लागलाय.”

येळवस म्हणजे आमच्याकडची येळ अमावास्या. त्या दिवशी सगळा मुलूख रानात जेवायला जातो. ती पंधरवड्यावर आली होती. म्हणजे मला एकच संधी होती, आणि पहिल्या वेळी काय बिघडलं होतं ते सांगायला या गावात एक माणूस तयार नव्हता. तीच चटणी परत न्यावी तर परत तेच ऐकावं लागणार. बदलावी तर काय बदलावं? तिखट? लसूण? कूट बारीक झाला का जाड? मी चटणी जिभेवर ठेवून ठेवून बघायची. मला तर बरोबर लागायची.

अशात यांना ॲपवाल्यांचा निरोप आला. कुठली तरी कंपनी बाजारात शेंगदाण्याची चटणी आणणार होती. पाकीट पाठवतो, खाऊन बघा, मग तीस प्रश्नांची उत्तरं द्या. या एका सर्वेला आजवरच्या सगळ्या सर्वेंपेक्षा जास्त पैसे. गावात कुरिअर येत नाही, म्हणून हे स्वतः हुमनाबादला जाऊन पाकीट घेऊन आले. पांढरं कोरं पाकीट, वर नाव नाही, नुसता नंबर. मी म्हटलं, घरात उखळभर चटणी करणारी बाई बसलीय, आणि तुम्ही बसनं जाऊन दुसऱ्याची चटणी चाखायला आणता! यांनी मान हलवली. होकाराची का नकाराची, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही.

तो सोमवार होता. सोमवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर शेजारपाजारचे लोक भजनाला बसतात. मी आत भाकरी करत होते. भजन संपलं आणि मंगल हातावर काहीतरी घेऊन चाटत आत आली. म्हणाली, “वैनी, आज परसादाला चटणी कामून?”

मी धावत बाहेर गेले. देवापुढं वाटी रिकामी होती. हे माझ्याच कडक भाकरीचे तुकडे करून, त्यावर चटणीचा शेवटचा कण ठेवून, शेवटच्या माणसाला देत होते.

“अवो, चटणी कुनी परसाद म्हनून वाटतंय व्हय?”

“नवी वस्तू घरात आली की आदी देवाला दावायची,” हे म्हणाले. “दावल्यावर परसाद झाली. परसाद एकट्यानं कसा खायाचा?”

“आन् तुमाला कुटं राहिली?”

यांनी वाटीत बघितलं. वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. शेवटी काहीच उरलं नव्हतं. पाकिटाचा कागदही कुणीतरी पुसून घेतला होता.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरी मजा दुसऱ्या दिवशी झाली. दुपारी दोनपर्यंत उत्तरं द्यायची होती. हे सकाळीच घरोघर गेले, ज्यांनी चटणी खाल्ली त्यांना विचारायला. मी मुद्दाम दारात उभी राहून ऐकत होते.

“मंगल, कालची चटणी कशी व्हती?”

“चांगली व्हती की, अण्णा.”

“चांगली म्हंजे कशी? तिकट व्हती का सौम्य? मीठ कसं व्हतं?”

“परसादाला काय नाव ठिवायचं, अण्णा?” मंगलनं कानाला हात लावला.

चार घरं फिरले, चारही घरी हेच. शेवटच्या घरातून यांचा आवाज चढलेला मला पहिल्यांदा ऐकू आला. “अरे, काय तरी बोला की! खाऊन गप बसायलाव, मानसाला कळायचं कसं?”

मला हसू आलं नाही. माझ्या तोंडचे शब्द होते ते, वर्षानुवर्षांचे.

दुपारी हे दुकान बंद करून घरी आले. मी भाकरी थापत होते. म्हणाले, “जरा तुजी चटणी दे.”

मी ताट घ्यायला लागले, तर म्हणाले, “ताट नको.” त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा पुढं केला. मी त्यावर चमचाभर चटणी घातली. ते उंबऱ्याजवळ उभे राहिले, बसले नाहीत. एका हातात कागद, दुसऱ्या हातात मोबाइल. बोटानं चटणी जिभेला लावली आणि वाचायला सुरुवात केली.

“अवो, ही त्येंची चटणी न्हाई,” मी म्हटलं.

“शेंगाचीच हाय न्हवं? खाऊन सांगायलोय. न खाता सांगितलं तर पाप.”

“चटणीचा रंग तुम्हाला कितपत आकर्षक वाटतो?” कागद उजेडात धरला. “चार.”

“लसणाचा स्वाद?” परत बोट, परत जीभ, डोळे मिटलेले. “पाच.”

माझा हात भाकरीवरच थांबला. पाच! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी दिलं होतं.

“कूट कसा वाटतो? जाड... बारीक... योग्य.” योग्यवर बोट.

“मिठाचं प्रमाण?” बोट बराच वेळ वरखाली फिरलं. मग मोठ्यानं म्हणाले, “जास्त.” थांबले. जीभ टाळ्याला लावून बघितली. “न्हाई. फारच जास्त.”

“काय दाबलाव?” मी उठलेच.

“थांब. खाली लिवायला सांगायलंय.” आणि ते एकेक अक्षर बोलत लिहायला लागले, “आदी बरोबर व्हती. दोन वर्सं झाली, खारट व्हायलीय.”

पिठाचा गोळा तसाच परातीत टाकला मी. “दोन वर्सं! दोन वर्सं खारट खायलाव आन् तोंडातून सबूद न्हाई?”

“ताटातल्याला काय बोलायचं?”

“मंग आता कसं बोलायलाव?”

“आता कुटं ताटात हाय?” यांनी कागद दाखवला. “कागदावर हाय. आन् मी उबा हाय. हे काय जेवन न्हवं.”

“मी इचारले न्हाई व्हय तुमाला? किती येळा इचारले?”

“तू जेवतानाच इचारतीस,” हे अगदी सरळपणे म्हणाले. “जेवताना सांगायचं नसतंय. हात धुतल्यावर एकदा तरी इचारलीस का?”

भांडण तरी कुठून सुरू करावं? मी तिथंच चुलीजवळ बसले. राग होता, पण त्याच्या आत दुसरंच काहीतरी दुखत होतं. दोन वर्षं खारट, म्हणजे दोन वर्षं माझ्या जिभेलाच मीठ कळेनासं झालंय. जीभ म्हातारी झाली माझी आणि मला कुणी सांगितलंही नाही. नागेंद्रनं नाही, मंगलनं नाही, पोटच्या पोरानंही नाही.

यांचं आपलं चाललंच होतं. तीस प्रश्नांतले बहुतेक झाले. मोबाइलच्या पडद्यावर उरलेला वेळ कमी कमी होत होता. शेवटचा प्रश्न आला. “ही चटणी यापुढे मिळाली नाही, तर तुम्हाला कसं वाटेल?” खाली चार पर्याय होते. फरक पडणार नाही. थोडं वाईट वाटेल. वाईट वाटेल. फार वाईट वाटेल.

यांनी चारही वाचले. परत वाचले. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. हातातल्या कागदाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बोट काही खाली येईना.

“दाबा की,” मी म्हटलं. “येळ चाललाय.”

काही नाही.

“अवो, दाबा काय तरी! कुटलंबी दाबा!”

मोबाइल टुंग वाजला. सर्वेक्षणाची वेळ संपली. हुमनाबादची खेप, पाकीट, एकोणतीस उत्तरं, सगळं वाया.

मी डोकं धरलं. “चार तर व्हते. एक दाबायला काय झालं व्हतं?”

“त्यात बसंल आसं एकबी न्हवतं,” एवढंच म्हणून त्यांनी कागदावरची चटणी बोटानं पुसून खाल्ली, चपला घातल्या आणि दुकान उघडायला गेले.

तव्यावरची भाकरी पोळली होती, ती मी कुत्र्याला टाकली.

नंतर मात्र मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, कागदावर चालतंय ना, मग कागदावरच. मीठ निम्मं करून चटणी कुटली, हे दुकानावर उभे असताना कागदावर नेऊन दिली. “जास्त,” म्हणाले. अजून कमी केलं. “आजून जरा.” माझ्या जिभेला ती अळणी लागत होती. हाताला राहवत नव्हतं, तो सारखा मिठाकडे जायचा. पण आता माझ्या जिभेवर विश्वास ठेवून चालणार नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले, फिनेलसाठी मिटले होते तसे, आणि म्हणाले, “बरोबर.” ट्रकवाला हवेसाठी ओरडत होता. ओरडू दे म्हटलं.

ती चटणी घेऊन मी धाब्यावर गेले. नागेंद्रनं भाकरीच्या तुकड्याला लावून खाल्ली आणि लगेच परत हात घातला. “जमलं, अक्का. आता जमलं.”

“आन् मागं काय झालं व्हतं?”

तो मान खाजवत म्हणाला, “मागं डायवर लोकं पानीच लई मागायलते.”

“मंग तवाच सांगायचं न्हाई व्हय?”

“तुमाला कसं सांगायचं, अक्का? तुमी मोठ्या.”

मी मोठी! मोठं होण्याची ही शिक्षा आहे की काय? पण काम झालं. दर आठवड्याला चटणी घेतो म्हणाला. परतताना त्या हायवेवर, ट्रकांच्या धुरळ्यात, मला इतकं हलकं वाटलं, की हॉटेलात एकटीनं बसून चहा घेतला आणि कुणाला सांगितलं नाही. यांची हौस मला तेव्हा जरा कळली.

येळवशीला आम्ही रानात गेलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी उभी केली, पूजा झाली, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, सगळं झालं. हायवेवरून जाणाऱ्या दोघा अनोळखी लोकांनाही बोलावून जेवू घातलं. हे मान खाली घालून जेवले, नेहमीसारखे. मी एक शब्द विचारला नाही. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, जोंधळ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मग मी कागदावर नवी चटणी घेऊन गेले.

“आता हात धुतलाव न्हवं? आता सांगा. आवडायलीय का?”

त्यांनी चाखली. बोट टेकवून परत चाखली. वारा आला, कागद फडफडला.

“बरोबर हाय,” म्हणाले.

“बरोबर हाय ते मला ठावं हाय. आवडायलीय का, ते इचारायले.”

त्यांनी जोंधळ्याच्या कणसाकडे बघितलं आणि कंपनीला सांगावं तितक्या विचारानं सांगितलं, “नागेंद्रला ही दे. घरात आपली ती खारटच आसू दे. मला तीच लागतीय.”

एवढा आटापिटा केला, तीन वेळा उखळ घासलं, जिभेचं दुःख गिळलं, आणि या माणसाला खारटच हवी! त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं, आणि कागदावर उरलेली चटणी त्याच तोंडात टाकली.

आता माझ्या फडताळात दोन बरण्या असतात. एक विकायची, बरोबर मिठाची. दुसरी आमची.